फुटलेल्या ताऱ्याचा दौरा

नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी वारंगा फाट्यावर थांबली, आणि तिच्या दारातून आधी एक माठ उतरला. माठामागून दोन हात उतरले, आणि हातांमागून एक माणूस.

"अहो मडकेवाले, जरा बाजूला व्हा," आकांक्षा पाईकराव टाचा उंचावत म्हणाली. "मागून आमचे सर उतरून राहिलेत."

मडकेवाला बाजूला झाला. इतक्या मुकाट्यानं झाला, की तिला आपल्या आवाजाची थोडी लाज वाटली. एक म्हातारबाबा उतरले, कोंबडी काखेत धरलेली एक बाई उतरली. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी उमरखेडच्या रस्त्याला लागली. धूळ खाली बसली तेव्हा फाट्यावर ती होती, तिच्या हातातला गुलाबांचा गुच्छ होता आणि तो माठवाला होता.

"नाही आले वाटतं," तो म्हणाला.

"न्हाई ना."

"दिसतात कसे?"

"मी कुठं पाहिलेत? पुण्याचे आहेत. ताऱ्यांचा अभ्यास करतात. म्हातारे असतील… जाड भिंगाचा चष्मा असेल."

"आणि स्वभावानं?"

"तिरसट. एवढी शिकलेली माणसं तिरसटच असतात."

त्यानं यावर नीट विचार केला. "तिरसट नाहीत, एवढं मी खात्रीनं सांगतो. चष्मा आहे, पण खिशात." माठ एका मांडीवर तोलून त्यानं खरोखरच चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. "प्रज्ञेश वाठोरे. म्हातारं व्हायला अजून थोडा वेळ लागेल… चालेल ना?"

आकांक्षाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं गुच्छ पुढं केला. त्याचे दोन्ही हात माठात अडकलेले. दोघं क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं गुलाब माठाच्या तोंडात खोचले आणि जीपच्या दिशेनं चालू लागली — वळून न पाहता, पण हळू.

२००३ सालचा एप्रिल होता. आखाडा बाळापूरच्या भीमजयंतीत दरवर्षी एक गाण्याचा आणि एक व्याख्यानाचा कार्यक्रम असे. व्याख्यानाचा विषय ठरलेला, वक्ते ठरलेले, आणि भाषण निम्म्यावर आलं की उठून जाणारी माणसंही ठरलेली. यंदा हायस्कूलवर विज्ञान शिकवणारी आकांक्षा समितीच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, एखादं वर्ष विज्ञानावर घ्या. समितीचे अध्यक्ष नरसिंगकाका म्हणाले, "घेऊ. पन वक्ता तूच आन, तूच सांभाळ, आन लोकं उठून चालले तर तूच त्यायला पुन्हा बशिव." तिच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी नाव सुचवलं होतं. वय सांगितलं नव्हतं.

काळीपिवळी जीपमध्ये माठ दोघांच्या मधोमध बसला.

"ह्यात काय आहे?" तिनं विचारलं.

"सध्या तुमचे गुलाब. संध्याकाळी तारा असेल."

"कोणता?"

"फुटलेला. गेल्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला दिसला. फुटला मात्र दोनशे कोटी वर्षांपूर्वी. उजेडाला इथवर पोचायला तेवढा वेळ लागला."

"म्हणजे फार उशिरा कळलं."

"फारच." तो हसला. "पण कळलं."

जीप खड्ड्यात आदळली. दोघांचे हात एकदमच माठाकडे गेले. माठाला काही झालं नाही. माठाच्या काठावर तिची बोटं होती आणि तिच्या बोटांवर त्याची. त्यानं हात उचलला… पण लगेच नाही.

आकांक्षा हिशेबी मनाची मुलगी होती. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हे ती वर्गात शिकवायची आणि घरीही पाळायची. बाळापूर येईपर्यंत तिनं पाहिलं, की शेजारच्या तंबाखू मळणाऱ्या बाबांनाही तो ताऱ्याची हकिकत तितक्याच चमकत्या डोळ्यांनी सांगत होता. चहा देणाऱ्यालाही सांगितली. तिनं मनाशी नोंद केली: हा माणूस सगळ्यांशीच असा बोलतो. उगाच काही समजून घ्यायचं कारण नाही.

तिकडे नरसिंगकाका दुपारपासून रिक्षाला कर्णा बांधून गावभर हिंडत होते. "ऐका हो ऐका! आज संध्याकाळी पुन्याचे वाठोरे सर विहाराच्या पटांगनात तारा फोडून दाखवनार हायेत. लेकराबाळासहित या…"

लोक आले. एवढे आले, की पटांगण पुरेना. शोभेची दारू उडणार अशा समजुतीनं पोरं पुढं बसली होती, आणि ठिणगी लागेल म्हणून आया त्यांना मागं ओढत होत्या.

प्रज्ञेशनं माइक घेतला. "प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गाभ्यातील इंधनाचे संलयन संपुष्टात आले असता…" पुढच्या ओळीतल्या एकानं टोपी झटकली. दोघं उठले. एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "आई, फोडतो कव्हा?"

आकांक्षा उठली. "सर, जरा थांबा." ती बायांकडे वळली. "मावशी, चुलीवर दूध ठेवलं. खालून जाळ हाय, तवर ते वर येऊन राहतं, का न्हाई?"

"व्हय."

"आन जाळ इझला की?"

"खाली बसतं!"

"तारा बी तसाच. पोटात जाळ हाय तवर फुगून उभा राहतो. जाळ सरला, की त्याचाच भार त्याच्यावर कोसळतो. सूर्याच्या कितीतरी पट भार."

उठलेले दोघं खाली बसले. प्रज्ञेश तिच्याकडे बघत होता. "आणि मग?" त्यानं विचारलं, जणू त्यालाच पुढचं ठाऊक नव्हतं.

"मग तुमी सांगा. मला तेवढंच येतं."

पटांगण हसलं. मग तो सांगू लागला आणि ती बोलीत आणू लागली. कोसळलेल्या ताऱ्याच्या मध्यात असं एक काळं विवर तयार होतं, की त्यातून उजेडही सुटत नाही. उरलेला तारा त्याच्याभोवती गरगरत आत पडू लागतो. तो गरगरतो त्या आसाच्या दोन टोकांना कोंडलेली शक्ती वाट काढते आणि ताऱ्याचं कवच फोडून दोन सरळ धारा बाहेर पडतात. त्यांतून जो तीव्र किरणांचा झोत निघतो, तो गॅमा किरणांचा स्फोट.

"भाकर तव्यावर फुगली," आकांक्षा म्हणाली. "सगळ्या बाजूनं बंद. एका जागी पापुद्रा फुटला. वाफ कुठून निघंल?"

"तिथूनच!"

"आन बोट कोनाचं भाजंल?"

"ज्याचं तिथं हाय त्याचंच!" बाया एका सुरात म्हणाल्या, आणि तो तारा बाळापुरातल्या प्रत्येक चुलीवर जाऊन बसला.

मग माठ लिंबाच्या फांदीला टांगला. त्याला समोरासमोर दोन भोकं पाडलेली होती, आत जीपचा दिवा, बाहेर बॅटरी. वीज रोज त्या वेळेला जायची तशी गेली. प्रज्ञेशनं दोरीला पीळ देऊन माठ सोडला. उजेडाच्या दोन काठ्या पटांगणभर फिरू लागल्या. ज्याच्या तोंडावर पडत तो "आला, आला!" म्हणे. शेजारचा म्हणे, "कुठं? मला तर न्हाई दिसला."

एका म्हातारीनं हरकत घेतली. "माह्या तोंडावर पडलाच न्हाई. मंग तारा फुटला असं मी काहून म्हनू?"

"बराबर!" प्रज्ञेश उडालाच. "आजी, तेच तर आहे. असे कितीतरी तारे फुटतात. धार आपल्याकडं नसते, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. आणि शास्त्रज्ञांची उलटी चूक झाली. त्यांना आधी वाटलं, हा तारा चहूकडं सारखाच उजेड फेकतोय. मग एवढी शक्ती आणली कुठून? हिशेब बसेना. नंतर ध्यानात आलं, की तो चहूकडं नाहीच फेकत. एकाच दिशेला फेकतो. जो त्या दिशेला उभा असतो, त्याला मात्र वाटतं, हा सगळ्यांवरच असा उजळतो."

बोलता बोलता दोरीचा पीळ सरला. माठ हेलकावला आणि थांबला. झोत आकांक्षाच्या चेहऱ्यावर आला. तिनं डोळ्यांवर हात धरला. उजेडापलीकडे तो उभा होता, पण तिला दिसत नव्हता.

"हलवा की सर, आमच्याकडं बी येऊ द्या!" कुणीतरी ओरडलं.

त्यानं माठ हलवला… पण लगेच नाही.

ती एकच संध्याकाळ असती, तर ती पुढं विसरली असती. निदान असं ती स्वतःला सांगत असे. पण आपल्याकडे जयंती चौदा एप्रिलला संपत नाही. गाणारे थोडे, वक्ते थोडे आणि गावं पुष्कळ. त्यामुळं गावं तारखा वाटून घेतात आणि मे सरेपर्यंत निळे झेंडे या गावातून त्या गावात फिरत राहतात. बाळापुरातला तारा गाजला. कळमनुरीकडून बोलावणं आलं, मग औंढ्याकडून. "ते माठवाले सर पाठवा. आन संगं ती भाकरवाली मॅडम बी."

प्रज्ञेश दर शनिवारी पुण्याहून येऊ लागला. नरसिंगकाका जीप काढत. पुढं काका आणि बॅटरी, मागं ती दोघं आणि माठ. गावोगाव तेच दूध, तीच भाकर, तीच धार, तरी दरवेळी "आणि मग?" असं विचारताना तो तिच्याकडे असा बघे, की तिला उत्तर ठाऊक असूनही क्षणभर सुचत नसे.

रविवारी तो गेला, की आठवडा लांबत जाई. सोमवारी ती उत्तरपत्रिका घेऊन बसे. बुधवारी आई, पंचफुलाबाई, चुलीकडून हाक मारी, "पोरी, भाकर करपून राहिली. ध्यान कुठं हाय तुझं?" शुक्रवारी आकांक्षाची खात्री होई, की या शनिवारी तो येणार नाही. का यावा? एक रात्र बसमध्ये, दुसरी परत बसमध्ये. जयंतीची आवड असेल. बोलायची हौस असेल. शनिवारी फाट्यावर बस थांबेपर्यंत ती आपल्याला हेच समजावत उभी असे, आणि तो उतरला की समजावलेलं सगळं सांडून जाई.

एकदा एका गावाबाहेर जीपचं चाक बसलं. काका पंक्चर काढायला गेले. चिंचेच्या सावलीत दोघंच होती. झळा उठत होत्या, दूर कुणाच्या तरी मेंढ्या मान खाली घालून एकमेकींच्या सावलीत उभ्या होत्या.

"पुण्यात तुम्ही नेमकं काय करता?" तिनं विचारलं.

"मोठी माणसं ताऱ्याबद्दल मतं मांडतात. मी मागं राहिलेला उजेड मोजतो. झोत अर्ध्या मिनिटात संपला. पण त्याच्या मागं एक झळाळी राहते, आठवडे न् आठवडे. ती रोज मंदावते. आज कालच्यापेक्षा कमी, उद्या आजच्यापेक्षा कमी."

"वाईट काम आहे."

"का?"

"रोज थोडं थोडं कमी होताना बघत बसायचं…"

"पण कमी होते म्हणूनच खालचं दिसतं ना. झळाळी होती तोवर डोळे दिपले होते. ती ओसरली, तेव्हा कळलं — खाली खराच एक तारा फुटलेला आहे. नुसती चमक नव्हती ती."

"हं," ती म्हणाली. तिला पुढं विचारायचं होतं. पण काका चाक ढकलत येताना दिसले, आणि प्रज्ञेश उठून त्यांच्या मदतीला गेला.

त्याच प्रवासात, पुढच्या सीटवर बसून त्यानं काकांना सांगितलं, की जूनमध्ये तो जर्मनीला निघतोय. तीन वर्षांसाठी. आकांक्षानं ते मागून ऐकलं. खिडकीबाहेर नांगरलेली काळी रानं मागं पळत होती. काकांना आधी सांगितलं. मला नाही. तिनं हीही नोंद केली.

घरी वडील भीमराज, एसटीत कंडक्टर, जेवताना म्हणाले, "सेनगावचं स्थळ हाय. पोरगा तलाठी. मानसं चांगली. जयंत्या आटपू दे, मंग येतो म्हनले." आकांक्षानं नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि तिच्याजवळ दाखवण्याजोगं एकही नव्हतं.

शेवटचं व्याख्यान सेनगावजवळच्याच एका गावात होतं. लोकांनी कानात प्राण आणून ऐकलं. भाषण संपलं, काका बॅटरी जीपला जोडायला बाहेर गेले, आणि सूत्रसंचालकानं घसा साफ केला.

"आता आपल्या गावच्या रिवाजाप्रमाणे वाठोरे सर आणि सौभाग्यवती वाठोरे मॅडम यांचा जोडीनं सत्कार करण्यात येत आहे…"

टाळ्या वाजल्या. आकांक्षानं प्रज्ञेशकडे पाहिलं. सांगेल तो, माइक त्याच्या हाताशी होता. प्रज्ञेशनं आकांक्षाकडे पाहिलं. त्याचा हात माइककडे थोडा गेला आणि तिथंच राहिला. तोवर बायांनी तिला दंडाला धरून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. गावातल्या सगळ्यांत वडील बाई, पद्माबाई, निळी साडी घेऊन उभ्या होत्या.

"ह्या सरचं बोलनं हिलाच तेवढं कळतंय," त्या शेजारणीला सांगत होत्या. "म्हंजे बायकोच की. दुसऱ्या कोनाला कळंल एवढं?"

सगळे हसले. साडी तिच्या खांद्यावर आली, शाल त्याच्या. एकच मोठा हार दोघांच्या गळ्यात पडला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, सरायकडं सरका जरा."

ती सरकली. त्याच्या खांद्याची ऊब शालीतूनही लागत होती. हारातला झेंडू ओला होता. अजूनही सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. ते कुणीच बोललं नाही, आणि फोटो निघाला.

हिंगोलीच्या स्टँडवर त्याची पुण्याची गाडी लागलेली होती. काका पान आणायला गेले.

"गैरसमज झाला त्यांचा," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"व्हय."

"सांगायला पाहिजे होतं."

"माइक तुमच्याजवळ होता."

"मला वाटलं… तुम्ही सांगाल."

"मी काहून सांगू? नाव तुमचं लावलं होतं त्यांनी."

तो एकदम वर बघायला लागला. "म्हणजे—"

कंडक्टरनं दार आपटलं. तो पायरीवर चढला. "पुढच्या शनिवारी—"

"पुढच्या शनिवारी कुठं? जयंत्या संपल्या, सर."

"हो," तो म्हणाला. "संपल्या."

गाडी गेली. परतताना आकांक्षाच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: सांगायला पाहिजे होतं. म्हणजे त्याला पस्तावा झाला. नाहीतर असं कोण म्हणतं?

पुढं शनिवार आला आणि गेला. आणखी एक आला. शाळेला सुट्टी, त्यामुळं शाळेतला फोन कुलपात. त्याच्या वसतिगृहाचा नंबर तिला पाठ होता, पण करून म्हणायचं काय? संध्याकाळी ओट्यावर बसलं, की पुण्याकडची बाजू कोणती, याचा ती अंदाज घेई आणि तिकडे पाठ करून बसे.

जूनच्या सुरुवातीला, एका सोमवारी दुपारी, निरोप न देता सेनगावच्या मिराबाई आल्या. तलाठ्याची आई. ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"एक इचारायचं हाय, पाव्हनं," त्या भीमराजांना म्हणाल्या. "रागाला येऊ नका. तुमच्या पोरीचं लगीन झालंय म्हनतेत."

पंचफुलाबाईंच्या हातातला चहाचा कप बशीत वाजला. "कोन म्हनतं?"

"माझी ननंद त्याच गावात दिली हाय. तिच्या डोळ्यादेखत सत्कार झाला. जोडीनं. साडी निळी व्हती म्हने."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात आकांक्षा उभी होती. मिराबाईंनी तिलाच विचारलं, "बोल गं बाई. झालंय का न्हाई?"

एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. चूक झाली त्यांची, मावशी. ते खरंही होतं. बाबांची मान वर राहिली असती, मिराबाई हसल्या असत्या, चहा गार झाला नसता. आकांक्षानं तोंड उघडलं, आणि तिच्या ध्यानात आलं, की ते खरं असलं तरी पुरतं खरं नाही.

"लगीन न्हाई झालं, मावशी. ते चुकून म्हनले."

"मंग झालं तर!"

"पन… मला ते खोडावंसं वाटलं न्हाई."

मिराबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चहा घेतला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

"माझं लेकरू तलाठी हाय," कप खाली ठेवत त्या म्हणाल्या. "कुठं कोनाचं नाव लागलंय, तेवढं मला बी वाचता येतं. बरं झालं, आत्ताच बोललीस. मागून बोलली असतीस तर दोन घरांचं वाटोळं झालं असतं." पंचफुलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्या उठल्या. "येते मी. पोरीला बोल लावू नका."

त्या गेल्यावर भीमराज किती तरी वेळ चपलेचा अंगठा बघत बसले.

"त्या पोराला हे ठावं हाय का?"

"न्हाई, बाबा."

"म्हंजे त्यानं तुला इचारलं न्हाई. तू त्याला सांगितलं न्हाई. आन हिकडं चांगली सोयरीक मोडून बसलीस."

"व्हय."

"लईच हुशार. उगाच न्हाई मॅडम झालीस." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चाल."

"कुठं?"

"फोनला. निदान एका बाजूचं तरी तिकीट फाडू."

बाजारातल्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात ती एकटी शिरली. बाबा बाहेर, पाठमोरे. पलीकडे कुणीतरी फोन उचलला, नाव विचारलं, जिन्यावरून हाक गेली. मग बराच वेळ नुसता वाऱ्यासारखा आवाज. मग धापा.

"हॅलो?"

"आकांक्षा बोलतेय." तिकडून नुसत्या धापा येत होत्या. "आकांक्षा पाईकराव," तिनं भर घातली.

"दुसरी कुणी नाही मला."

तिनं रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. "आज सेनगावहून पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, माझं लग्न झालंय का. त्या सत्कारावरून."

"अरे… माझ्यामुळं… मग काय सांगितलंत?"

"नाही झालं, म्हटलं."

"हो. बरोबर आहे." त्याचा आवाज खाली गेला.

"आणि ते खोडावंसं वाटलं नाही, असंही म्हटलं."

पलीकडे कुठं तरी बादली वाजली. कुणी हसत गेलं.

"सर?"

"मी दर शनिवारी कशाला येत होतो, वाटलं तुम्हाला?"

"जयंतीसाठी."

"जयंती आमच्या गावी, पूर्णा जंक्शनला पण असते, आकांक्षा. लई मोठी असते. माझी माय तिकडं रोज इचारून राहिली, घरी येत न्हाईस, बाळापुरात काय ठेवलंय म्हून." माइकवरची त्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती. रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेला मुलगा बोलत होता. "सत्काराच्या टायमाला मी माइककडं हात नेला व्हता. पुढं गेलाच न्हाई."

"मग स्टँडवर का बोलला नाहीत?"

"काय म्हनू? तीन वर्सं जाऊन राहिलो. कोनाला थांब म्हनायचा हक्क हाय का मला?"

काचेवर धूळ बसली होती. तिनं ती बोटानं पुसली. "थांब म्हणू नका. मी थांबणारी नाही. मला दहावीचा वर्ग आहे. पुढच्या जयंतीला चार गावांनी आत्ताच विचारलंय. मी माझं काम करीन, तुम्ही तुमचं करा. आणि मग या."

"आन तवर?"

तिनं डोळे मिटले. "तवर आठवण येईल. रोज येईल. आत्ताच… येऊन राहिली."

काचेवर टकटक झाली. बाबा वळले होते. त्यांनी हनुवटीनंच विचारलं. तिनं मान हलवली. त्यांनी हात पुढं केला, रिसिव्हर घेतला, तिला बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. "जयभीम. भीमराज पाईकराव बोलून राहिलो," एवढंच तिला ऐकू आलं.

पुढचं सगळं काचेतून. बाबांचा चेहरा फुकट्या प्रवासी सापडल्यासारखा कडक होता. ते काहीतरी म्हणाले. मग ऐकत राहिले, फार वेळ. एकदा त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. आतमध्ये, तिच्यापासून हातभर अंतरावर, त्याचा आवाज होता आणि तिला तो ऐकू येत नव्हता. तिनं काचेवर तळहात ठेवला. तीन वर्षं अशीच जाणार, तिला वाटलं… काचेच्या बाहेर.

बाबा बाहेर आले. पैसे दिले. दोघं चालू लागली.

"तीन वर्सं म्हनतो," ते म्हणाले.

"व्हय, बाबा."

"लई हायेत."

"व्हय."

"जायच्या आधी मायबापाला घेऊन येतो म्हनला. घरी बोलायला." ते थांबले, खोकले. "ह्याच रविवारी."

तिनं मान हलवली आणि चालत राहिली. दुकानांवरचे दिवे लागत होते, कुणी ओळखीचं हात वर करत होतं. ती मोजू लागली, आणि मग मोजायचं तिनं सोडून दिलं. रविवार यायचा होता. आज फक्त सोमवार होता.